तालवादकाचे नाव

मकरसंक्रांतीच्या पर्वकाळी सोलापुरात ग्रामदैवत श्री सिद्धरामेश्वरांची यात्रा भरते. हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघालेले सात नंदीध्वज पहिल्या दिवशी शहराच्या परिसरातील अडुसष्ट लिंगांच्या तैलाभिषेकासाठी आणि दुसऱ्या दिवशी संमती कट्ट्यावरील अक्षतासोहळ्यासाठी मार्गस्थ होतात, आणि त्या उत्तुंग काठ्या कमरेच्या बळावर तोलून धरणाऱ्या भक्तांच्या पावलांना जी लय लागते ती हलगीच्या कडकडाटाने लागते. बाराव्या शतकातील या शिवयोग्याविषयी मराठीत आणि कानडीत विपुल लिहिले गेले आहे, यात्रेतील मानकऱ्यांची घराणी गावाला तोंडपाठ आहेत, कोणती काठी कोणत्या समाजाच्या मानाची हेही जाणते लोक न चुकता सांगतात. परंतु ज्यांच्या मनगटांवर सबंध मिरवणुकीची गती अवलंबून असते त्या वादकांची नावे यात्रेच्या वर्णनांत क्वचितच वाचावयास मिळतात. ताल धरणाऱ्याच्या वाट्याला आलेले हे निनावीपण आपल्या इतिहासात इतके जुने आहे की ते आपणांस खटकेनासे झाले आहे, आणि म्हणूनच ज्या एका तालवादकाचे नाव आपल्या मुलखातून निघून युरोपच्या जॅझ रंगमंचावर अग्रभागी झळकले, त्याच्या चरित्राकडे सोलापूरकराने विशेष आस्थेने पाहावे असे मला वाटते. त्रिलोक गुर्टू हे ते नाव. त्यांचा जन्म 30 ऑक्टोबर 1951 रोजी मुंबईत झाला, कुटुंबाची मुळे बेळगावात होती, आणि कर्मभूमी जर्मनीतील हॅम्बर्ग.

या चरित्राकडे वळण्यापूर्वी वाद्याचे चरित्र पाहणे आवश्यक आहे, कारण जॅझचा ड्रमसंच हे काही एका कारागिराने एके दिवशी घडविलेले वाद्य नव्हे. आपल्याकडे कुस्तीच्या फडात किंवा गावच्या जत्रेत जो ताफा उभा राहतो त्यात हलगीवाला, घुमकेवाला आणि कैताळवाला अशी निदान तीन माणसे असतात : हलगीने तीक्ष्ण, तुटक, चमकदार बोल काढावेत, घुमक्याने खालचा गंभीर नाद भरावा आणि कैताळाच्या धातूने दोहोंना कडा द्यावी, अशी ही कामाची वाटणी आहे. अमेरिकेतील न्यू ऑर्लीन्स शहरात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जी बँडपथके रस्त्यावरून, लग्नांतून, अंत्ययात्रांतून वाजत जात असत, त्यांतही वाटणी अशीच होती. एकाच्या गळ्यात मोठा ढोल, दुसऱ्याच्या कमरेला तारांचा खरखरीत नाद देणारा चपटा स्नेअर, आणि झांज कधी स्वतंत्र माणसाकडे तर कधी ढोलावरच बसविलेली. ही पथके रस्त्यावरून नृत्यगृहांत शिरली, जागा अपुरी पडू लागली, मालकाला तीन वादकांची बिदागी जड वाटू लागली, आणि मग एकाच माणसाने बसून हे सारे वाजवावे असा प्रयत्न सुरू झाला. 1909 च्या सुमारास शिकागोच्या विल्यम लुडविग यांनी पायाने ढोल वाजविण्याचे सुटसुटीत पेडल प्रचारात आणले, 1920 नंतरच्या दशकात पायानेच मिटणाऱ्या-उघडणाऱ्या झांजांची जोडी आली, आणि तीन माणसांचे काम एका माणसाच्या दोन हातांत व दोन पायांत सामावले. नंदीध्वजांपुढचा ताफा ज्याने लक्षपूर्वक ऐकला आहे त्याला हा ड्रमसंच परका वाटण्याचे कारण नाही. त्यातील प्रत्येक अवयव त्याच्या कानांच्या ओळखीचा आहे.

आणि ही ओळख केवळ योगायोगाची नाही. पश्चिम आशियातील नगारे, झांजा आणि मोठे ढोल यांची परंपरा दोन दिशांना गेली. तुर्की सुलतानांच्या लष्करी वाद्यवृंदांचा दरारा युरोपच्या सैन्यांनी अनुभवला, आणि अठराव्या शतकात तेथील पलटणींनी मोठा ढोल व झांजा आपल्या बँडमध्ये घेतल्या. ज्या झिल्जियन घराण्याच्या झांजा आज जगभरचे जॅझवादक वापरतात, त्याचा उद्योग 1623 साली इस्तंबूल येथे एका आर्मेनियन धातुकाराने आरंभिला होता. दुसरी शाखा इराणी दरबारी रिवाजाबरोबर दख्खनेत उतरली. बहमनी, आदिलशाही आणि निजामशाही अमलात नौबत ही सत्तेची खूण होती. चांदबीबीच्या विवाहात सोलापूरचा किल्ला अहमदनगरकरांनी विजापूरकरांना आंदण दिला तेव्हा किल्ल्याबरोबर तेथील नगाऱ्याचा आवाजही धन्याचे नाव बदलून वाजू लागला असणार. मराठेशाहीत नौबत वाजविण्याचा मान सरदारांना सन्मानाने बहाल होत असे, देवस्थानांच्या खर्चात नगारखान्याची नेमणूक असे, आणि तुळजापूरपासून पंढरपूरपर्यंत चौघड्याने देवाचे दिवस उगवत व मावळत. परंतु मान होता तो नौबतीचा आणि नौबत ज्याच्या दारी वाजे त्याचा. ती वाजविणाऱ्याची सेवा वतनी, आणि वतनदारीची उतरंड अशी की चामडे कमावणारा, चामडे मढविणारा आणि चामडे वाजविणारा हे तिच्या अगदी तळाशी. देवळातला पखवाज व चौघडा गुरवाकडे, गावाची हलगी मातंगाकडे, लग्नातले वाजप दक्षिण महाराष्ट्रात पुष्कळदा होलार समाजाकडे, गोंधळाचे संबळ गोंधळ्याकडे, अशी ही वाटणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आली. कोणी मेले तरी हलगी, सरकारी दवंडी असली तरी हलगी, आणि बैल पोळ्याला निघाले तरी हलगी. पण त्या वादनाची गणना कलेत होत नव्हती, गावकीच्या कामात होत होती. डॉ. आंबेडकरांच्या चळवळीनंतर अनेक घरांनी स्वाभिमानाने ही वाद्ये खाली ठेवली, आणि ज्यांना ती वाजविण्याचा आनंद होता परंतु ती वाजविण्याची सक्ती नको होती, अशा माणसांची त्यात झालेली ओढाताण कोणत्याही संगीताच्या इतिहासाने अद्याप नीट मांडलेली नाही. मला हे शल्य फार मोठे वाटते.

तबल्याचे दैव त्या मानाने उजळले. बालगंधर्वांच्या नाटक मंडळीत अहमदजान थिरकवाँ साथीला बसू लागल्यावर पडदा उघडण्यापूर्वी तबल्याकडे कान लावून बसणारा प्रेक्षक निर्माण झाला, आणि साथीदाराचे नाव लोकांच्या ओठांवर आले. याच काळाच्या उत्तरार्धात मुंबईत ताजमहाल हॉटेलच्या नृत्यगृहात जॅझ येऊन पोहोचला होता. 1935 साली लिऑन ॲबी यांचे कृष्णवर्णीय अमेरिकन पथक तेथे वाजले, त्यांच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड आले, आणि त्यांच्याकडून विद्या घेतलेल्या गोमंतकीय वादकांनी पुढील पाव शतक मुंबईच्या रात्री गाजविल्या. हॉटेलांतले काम आटले तेव्हा हेच वादक दादर, ताडदेव, महालक्ष्मीच्या ध्वनिमुद्रणगृहांत चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत बसू लागले. कावस लॉर्ड या पारशी तालवादकाने जॅझच्या पथकातून येऊन बोंगो-काँगोसारखी वाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात रुजविली, त्यांचे पुत्र केरसी व बुर्जोर त्याच मार्गाने गेले, आणि गोव्याच्या दत्ताराम वाडकरांचा ढोलकीचा ठेका तर शंकर-जयकिशनांच्या गाण्यांतून घराघरात शिरला. सोलापूरचा गिरणी कामगार पाळी संपवून चित्रपटगृहात जाऊन बसे तेव्हा पडद्यावरील नायकाचे नाव त्याला ठाऊक असे, गायकाचे ठाऊक असे. ज्याच्या ठेक्यावर तो नकळत पाय आपटीत असे त्याचे नाव पडद्यावर उमटतच नसे.

अशा मुंबईत त्रिलोक वाढले, आणि ज्या घरात वाढले त्या घराची हकीकत स्वतंत्रपणे सांगण्याजोगी आहे. आई शोभा गुर्टू, पूर्वाश्रमीच्या भानुमती शिरोडकर, यांचा जन्म 1925 साली बेळगावचा. त्यांच्या मातोश्री मेनकाबाई शिरोडकर या व्यावसायिक नर्तिका, आणि जयपूर-अत्रौली घराण्याचे प्रवर्तक अल्लादियाखाँसाहेब यांच्याकडे गाणे शिकलेल्या. भानुमतीबाईंना प्रथम कोल्हापुरात अल्लादियाखाँचे चिरंजीव भुर्जीखाँ यांची तालीम मिळाली, पुढे नत्थनखाँ यांची, आणि घम्मनखाँ मुंबईस त्यांच्या कुटुंबात राहून ठुमरी-दादरा शिकवू लागल्यावर त्यांच्या गायकीला तिचे स्वतःचे वळण सापडले. विवाहाने त्या बेळगावच्या गुर्टू घराण्यात आल्या. सासरे नारायणनाथ गुर्टू हे बेळगावच्या पोलीस खात्यात वरिष्ठ हुद्द्यावर असलेले गृहस्थ, परंतु विद्वान आणि सतारवादक. दक्षिण महाराष्ट्र आणि कर्नाटकाच्या या सीमाभागात मराठी, कानडी व कोकणी यांच्या सरमिसळीतून जी सांगीतिक समृद्धी निपजली, तिचा हा एक नमुना आहे, आणि सोलापूरही त्याच पट्ट्यात वसलेले असल्याने आपल्याला हे वातावरण वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

घरात ठुमरी असल्यावर साथीचा तबला कानांवर पडणारच. त्रिलोक यांनी बालवयातच तबल्यावर हात ठेवला आणि शाह अब्दुल करीम यांच्याकडे रीतसर शिक्षण घेतले. ठुमरीच्या तबलजीला जे शिकावे लागते ते अवघड असते : गायिका बोल बनवीत असता त्याने मागे राहावे, शब्दांना धक्का लागू देऊ नये, आणि लग्गीची वेळ येताच मोकळ्या हाताने उसळून वर यावे. आईच्या मागे बसून आत्मसात केलेला हा संयम पुढे जॅझमध्ये त्यांच्या कामी आला, असे त्यांचे वादन ऐकताना पदोपदी जाणवते. तारुण्यात पाश्चात्य ध्वनिमुद्रिकांचे वेड लागले आणि त्यांनी ड्रमसंच हाती घेतला. या शिक्षणाची एक हकीकत त्यांनी स्वतः सांगितली आहे. ध्वनिमुद्रणात एकच वादक निरनिराळे भाग वेगवेगळ्या वेळी वाजवून नंतर एकमेकांवर चढवितो ही युक्ती त्यांना ठाऊक नव्हती. तबकडीवर ऐकू येणारे सारे तालनाद एकाच माणसाने एकाच वेळी काढले आहेत अशा समजुतीने त्यांनी ते सगळे एकट्याने वाजविण्याचा सराव आरंभिला आणि ते साध्यही केले. अज्ञानातून उपजलेल्या अशा कठोर साधनेची उदाहरणे कलेच्या इतिहासात विरळा असतात.

युरोपची भूमी तोपर्यंत अशा वादकासाठी तयार झाली होती. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन सैन्याबरोबर जर्मनीत जॅझ फैलावला, तेथील सार्वजनिक नभोवाणी केंद्रांनी स्वतःचे जॅझ वाद्यवृंद पदरी ठेवले, आणि 1960 नंतर स्वित्झर्लंडचे दानिएल युमेर, हॉलंडचे हान बेनिंक, नॉर्वेचे यॉन क्रिस्टेन्सन यांसारख्या ड्रमवादकांनी केवळ ठेका धरून बसण्याचे नाकारून वाद्याला रंग आणि आशय यांचे स्वातंत्र्य मिळवून दिले. अमेरिकन धाटणीचे अनुकरण सोडून युरोप स्वतःचा जॅझ शोधू लागला त्या वेळी त्याची दृष्टी हिंदुस्थानच्या तालशास्त्राकडे गेली. येथे एका मराठी माणसाचे ऋण नमूद केलेच पाहिजे. लंडनला जाऊन स्थायिक झालेले तबलावादक केशव साठे हे 1966 पासून जो हॅरियट आणि कोलकात्यात जन्मलेले जॉन मेयर यांच्या इंडो-जॅझ प्रयोगांत सहभागी झाले, आणि 1967 साली समीक्षक योआखिम बेरेंट यांच्या पुढाकाराने ‘जॅझ मीट्स इंडिया’ ही ध्वनिमुद्रिका निघाली, तिच्यात सतारवादक दिवाण मोतीहार आणि केशव साठे यांनी स्विस पियानोवादिका इरेन श्वाइत्सर यांच्या त्रयीबरोबर वादन केले. गुर्टूंचे नाव घेणारे रसिक साठ्यांना विसरतात. मार्ग आधी त्यांनी झाडून ठेवला होता.

1970 नंतरच्या दशकात त्रिलोक युरोपात वावरू लागले. जर्मनीतील एम्ब्रियो या पथकाबरोबर, अमेरिकन सॅक्सोफोनवादक चार्ली मारियानो यांच्याबरोबर, डेन्मार्कचे जॉन चिकाई, नॉर्वेचे टेर्जे रिपडाल आणि स्वीडनमध्ये वास्तव्य केलेले थोर ट्रंपेटवादक डॉन चेरी यांच्याबरोबर त्यांनी वाजविले, आणि हॅम्बर्ग हे त्यांचे घर झाले. निर्णायक वळण आले ते एका दुर्दैवी घटनेने. ऑरेगॉन हे अमेरिकन चौकडीचे पथक जॅझ, पाश्चात्य अभिजात संगीत आणि पौर्वात्य ताल यांच्या मिलाफासाठी ख्यातनाम होते. त्यातील कॉलिन वॉलकॉट हे रविशंकरांकडे सतार आणि अल्लारखाँकडे तबला शिकलेले. नोव्हेंबर 1984 मध्ये पूर्व जर्मनीत दौऱ्यावर असताना मोटार अपघातात वॉलकॉट यांचे निधन झाले. एका अमेरिकन माणसाने हिंदुस्थानी तबल्याच्या बळावर जी जागा निर्माण केली होती, ती भरण्यासाठी उरलेल्या तिघांनी कालांतराने त्रिलोक गुर्टूंना बोलाविले, आणि ‘इकोटोपिया’पासून पुढील काही ध्वनिमुद्रिकांत ते ऑरेगॉनचे तालवादक झाले. त्यापाठोपाठ 1988 मध्ये ‘शक्ती’ या पथकाचे संस्थापक, इंग्लंडचे गिटारवादक जॉन मॅक्लॉक्लिन यांनी त्यांना आपल्या त्रयीत घेतले, नोव्हेंबर 1989 मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये झालेल्या त्यांच्या कार्यक्रमाची ध्वनिमुद्रिका आजही ड्रमचा अभ्यास करणारे विद्यार्थी पुन्हापुन्हा ऐकतात. ‘डाउन बीट’ या जॅझच्या मान्यवर मासिकाच्या वार्षिक कौलात सर्वोत्तम तालवादक म्हणून त्यांची एकाहून अधिक वेळा निवड झाली.

त्यांच्या वादनाचा जो विशेष युरोपला अपूर्व वाटला, तो आपल्याला मात्र नीट परिचित असावयास हवा. त्रिलोक ड्रमसंचामागे उंच स्टुलावर बसत नाहीत. जमिनीलगत, गुडघे टेकल्यासारखी बैठक घालून ते वाजवितात. त्यांच्या भोवती तबल्याची जोडी, ड्रम, झांजा, घंटा, आणि शेजारी पाण्याने भरलेली बादली, जिच्यात वाजती घंटा किंवा धातूची तबकडी बुडविली की तिचा सूर लवून खाली येतो. हातांच्या आधी तोंडाने बोल येतात. दाक्षिणात्य कोन्नक्कोल आणि तबल्याचे पाठाक्षर यांचा त्यांनी स्वतःच्या शैलीत संगम केला आहे. तिहाईने समेवर येण्याची आपली आवर्तनबुद्धी आणि जॅझचा झुलता, पुढे ओढून नेणारा ताल ह्या दोहोंत वस्तुतः विरोध आहे, कारण एकाला परतण्याची ओढ, दुसऱ्याला निघून जाण्याची. आणि माझ्या मते गुर्टूंचे मोठेपण हे की त्यांनी हा विरोध गुळगुळीत केला नाही. दोन्ही ओढी ते शेवटपर्यंत ताणून धरतात आणि त्या ताणातून श्रोता जागा राहतो. गोंधळी जेव्हा संबळाची जोडी कमरेला बांधून एका हाताच्या वाकड्या काडीने आणि दुसऱ्या हाताच्या सरळ काडीने एकाच वेळी दोन स्वभावांचे बोल काढतो, तेव्हा तोही हेच कार्य करीत असतो.

1988 मध्ये त्यांची स्वतःच्या नावाने निघालेली पहिली ध्वनिमुद्रिका ‘उसफ्रेत’ प्रसिद्ध झाली आणि तिच्यात डॉन चेरी, राल्फ टाउनर, एल. शंकर यांच्या सोबतीने शोभाताई गायल्या. ज्या आईच्या साथीला लहानपणी बसावयाचे, ती आता मुलाच्या तालावर, युरोपातील वाद्यांच्या मध्ये, आपली ठुमरीची तान घेऊन उभी राहिली, आणि तिने त्या गाण्यात काहीही सोपे करून घेतले नाही. म्हणून ती मुद्रिका मिश्रणाच्या नावाखाली खपणाऱ्या पुष्कळशा संगीताहून निराळी आहे. पुढील ‘लिव्हिंग मॅजिक’मध्ये नॉर्वेचे सॅक्सोफोनवादक यान गार्बारेक, ‘क्रेझी सेंट्स’मध्ये व्हिएन्नाचे जो झाविनुल व अमेरिकेचे पॅट मेथेनी असे दिग्गज त्यांच्यासोबत आले. शोभाताईंना 1987 मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि 2002 मध्ये पद्मभूषण मिळाले. 27 सप्टेंबर 2004 रोजी त्या निवर्तल्या. हॅम्बर्गच्या नभोवाणीचा नामांकित वाद्यवृंद, इटलीचे तंतुवाद्य चतुष्टय, आफ्रिकेचे गायक, अशा अनेकांबरोबर त्रिलोकांचे काम त्यानंतरही चालू राहिले; 2019 साली निघालेल्या ध्वनिमुद्रिकेला त्यांनी ‘गॉड इज अ ड्रमर’ असे नाव दिले.

तालवादकाला नाव मिळण्याच्या दृष्टीने सोलापूर जिल्ह्याकडे पाहता चित्र संमिश्र आहे. करमाळा तालुक्यातील केमचा सोमनाथ अवघडे हा मुलगा हलगी वाजविताना दिग्दर्शक नागराज मंजुळे यांच्या नजरेस पडला आणि ‘फँड्री’त त्याने केलेल्या भूमिकेला उत्कृष्ट बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कार लाभला, म्हणजे या जिल्ह्यातील एका हलगीवादकाचे नाव देशाने ऐकले खरे, परंतु ते अभिनयासाठी. जत्रांच्या आणि लग्नांच्या सुपाऱ्या ध्वनिक्षेपकांच्या भिंतींनी हिरावून घेतल्या, तरी कुस्तीच्या फडाला अजून हलगी लागते, नंदीध्वजांना लागते, आणि उन्हात किंवा जाळावर शेकून कातडे ताणून घेणारे, समोरच्या पैलवानाची हालचाल पाहून ठेका चढविणारे वादक अद्याप आहेत. माझी सूचना साधी आहे. यात्रेच्या आणि फडांच्या पत्रिकांवर मानकऱ्यांच्या, देणगीदारांच्या व मल्लांच्या नावांबरोबर ताफ्यातील हलगीवाला, घुमकेवाला, कैताळवाला यांचीही नावे गावासह छापावीत. आणि शहरातील एखाद्या महाविद्यालयाने किंवा ग्रंथालयाने या वादकांकडून त्यांचे ठेके ध्वनिमुद्रित करून घेऊन, कोणता ठेका कोणत्या प्रसंगाचा, तो कोणाकडून शिकला आणि त्या गुरूने कोणाकडून, याचे टिपण ठेवावे. ताफ्यांतले वृद्ध वादक हयात आहेत तोवरच हे काम होणार आहे, आणि ते येत्या संक्रांतीपासून सुरू करता येईल.